उजव्या हाताचं घर

ज्यांनी आमचं गाव कधी पाहिलं नाही अशा माणसांना हल्ली ते तोंडपाठ आहे, आणि मी याला वैतागलोय. अस्वानच्या कॉलेजातल्या मुली येतात, कैरोचे प्राध्यापक येतात. प्रत्येकाच्या हातात ते निळ्या कव्हरचं पुस्तक असतं, आणि मशिदीपासून तिसरं घर कुणाचं, चौथं कुणाचं, हे ते मलाच सांगतात. मी म्हणतो, बसा, चहा घ्या. दुसरं काय म्हणणार? ते गाव मीही पाहिलेलं नाही. धरणाच्या पाण्याखाली ते गेलं आणि त्यानंतर सहा वर्षांनी मी जन्मलो. पण माझी नबरा आत्या त्या गावात बावीस वर्षं राहिली होती, आणि ही हकीकत तिची आहे.

आत्या आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. अंगाने काटकुळी, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. लिहिता-वाचता येत नाही. आमच्या न्युबी बोलीला तशीही शाळा नव्हती, आणि अरबी ती रेडिओ ऐकून शिकली. नवरा कैरोत एका इमारतीचा दरवान होता, तिकडेच वारला. दोन मुली अस्वानला दिलेल्या. ती एकटी राहते, कालव्याच्या बाजूच्या दोनखोली ओळीत.

ही 'दोनखोली ओळ' काय भानगड आहे ते सांगायला हवं, कारण सगळं दुखणं तिथून सुरू होतं. आमचं जुनं गाव, कोरनाब, नाईल नदीच्या पश्चिम काठाने एका लांब ओळीत पसरलेलं होतं आणि झाडून सगळ्या घरांची तोंडं नदीकडे होती. त्रेसष्ट साली गाव हलवलं तेव्हा कोम ओंबोकडच्या या माळावर नवी घरं बांधून तयार होती, आणि वाटप झालं ते खोल्यांच्या हिशेबाने. मोठं कुटुंब चार खोल्यांच्या ओळीत, मधलं तीनच्या, नवराबायको दोनच्या. कोण कुणाचा शेजारी होता हे कागदावर नव्हतंच, मग ते कुणाला दिसणार? आत्याचं नुकतंच लग्न झालं होतं. नवरा परगावी असल्यामुळे ती जुन्या गावात आईकडेच राहायची. इथे आल्यावर तिला दोनखोली ओळीत घर मिळालं आणि तिच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. आजी रोज सकाळी दार उघडायची आणि उजवीकडे वळून हाक मारायची. तिथून अनोळखी बाई बाहेर यायची. दीड वर्ष तिने हे काढलं आणि मग गेली. आजाराचं नाव कुणालाच सांगता आलं नाही.

उजवीकडेच का, तर आमच्यात उजव्या हाताचं घर हे नुसतं शेजारचं घर नसतं. पुरुष सगळे कैरो-अलेक्झांड्रियात, कुणी स्वयंपाकी, कुणी दरवान, कुणी ड्रायव्हर, दोन-दोन वर्षांनी महिनाभर येणार. गाव चालवायच्या बायका. तेव्हा कळा सुरू झाल्या की पहिली हाक उजव्या घराला. मयत झाली की पहिलं जेवण उजव्या घरातून. आणि रमजान ईदला शेवयांच्या चौदा ताटल्या भरायच्या, सात उजवीकडच्या घरांना, सात डावीकडच्या, पण पहिली ताटली उजव्या हाताच्या घरी. ती चुकली तर वर्षभर बोलणं बंद, अशी उदाहरणं आहेत.

आमच्या उजव्या हाताला शायाचं घर होतं. शाया ही आत्याच्याच वयाची. दोघी एकाच महिन्यात जन्मल्या आणि एकमेकींच्या आयांचं दूध प्यायल्या. डाव्या हाताला दाऊदचं घर, म्हणजे फिकरीकाकांच्या वडिलांचं. आता शाया राहते उसाच्या शेतांना लागून, तीनखोली ओळीच्या शेवटी. फिकरीकाका राहतात मशिदीजवळ, आत्याच्या घरापासून पन्नास पावलांवर. तरीही गेली पन्नास वर्षं आत्या ईदच्या सकाळी डोक्यावर ताट घेऊन निघायची ती फिकरीकाकांच्या दारावरून सरळ पुढे, उन्हात पाऊण तास चालत, आधी शायाकडे. मग उजवीकडची उरलेली सहा, आणि मग उलटी फिरून डावीकडची सात, त्यात फिकरीकाका पहिले. सगळ्या गावभर नागमोडी चालून दुपार व्हायची. पोरं हसायची. फिकरीकाका तर दारात बसून म्हणायचे, "नबरा, अगं शेवया जातायत माझ्या नाकासमोरून आणि मला मिळणार दुपारी गार. पेट्रोल तरी वाचव."

"तुमचं घर डाव्या हाताला आहे," आत्या न थांबता म्हणायची. "गरम हवं तर बापाला सांगायचं होतं, उजवीकडे बांध म्हणून."

हा क्रम चुकू नये म्हणून ती घरं मोजायची. भाकरी भाजताना, भेंडी वाळत घालताना, ओठातल्या ओठात. आमच्या घरापासून उजवीकडे वीस, मग डावीकडे एकवीस. बाकीच्या बायका एकेक करून गेल्या, काहींना विसर पडला. एक्केचाळीस घरं ओळीने सांगू शकणारी ती एकटीच उरली होती. शायाला स्वतःच्या आजूबाजूची दहा-बारा यायची, पुढे गोंधळ. मी शाळेत अरबी शिकवतो. हातात रोज खडू असतो. मी ती यादी एकदाही लिहून घेतली नाही. आत्या आहे ना, असं वाटायचं.

मग मुनीर आला. त्याचे आजोबा आमच्या गावचे. तो स्वतः कैरोत वाढलेला, चष्मेवाला, नम्र, आधीच्या दोन कादंबऱ्यांचं नाव झालेलं. त्याला बुडालेल्या गावावर मोठी कादंबरी लिहायची होती. तो आठ दिवस राहिला, आणि पाहुणा म्हणून अर्थातच पुरुषांच्या बैठकीत राहिला. भिंतीवर कागद लावून फिकरीकाका आणि चार म्हातारे त्याला गाव सांगत होते. फिकरीकाकांनी अलेक्झांड्रियात चाळीस वर्षं एका बड्या घरात स्वयंपाक केला. जुन्या गावात ते जन्मात किती दिवस राहिले असतील याचा हिशेब त्यांनीच करावा. पण सांगायला बसले की जणू प्रत्येक विटेवर त्यांचाच हात फिरलेला.

चहा आत्या करत होती, कारण बैठकीच्या मागची चूल तिच्याकडे असते. पडद्यामागून तिला सगळं ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी तिने मला आत बोलावून सांगितलं की हे लोक उलटंसुलटं सांगतायत, त्या मुलाला माझ्याकडे पाठव. मी बाहेर जाऊन फिकरीकाकांच्या कानात सांगितलं. ते म्हणाले, बायकांना चूल आणि विहीर यापलीकडे काय दिसलं असणार. मी गप्प बसलो. मोठ्या माणसाला पाहुण्यासमोर कसं तोडायचं, असा विचार केला. आज तो आठवला की माझा मलाच राग येतो.

याहून वाईट पुढे झालं. आत्या रागाने चुलीपाशी मोठ्याने मोजायला लागली. मुनीरच्या कानावर गेलं. त्याने विचारलं, आत कोण गुणगुणतंय? फिकरीकाका हसून म्हणाले, "आमची नबरा. बुडालेली घरं मोजते. खुळी आहे बिचारी." मुनीरने वहीत काहीतरी लिहून घेतलं. उठून आत मात्र आला नाही.

दोन वर्षांनी पुस्तक आलं, 'नदीकडे तोंड'. मुखपृष्ठ निळं. कादंबरीची नायिका एक म्हातारी, जी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून बुडालेली घरं मोजते. मी वाचलं आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मुनीर चांगला लिहितो. तो वाईट लिहीत असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

शुक्रवारी दुपारी मी आत्याच्या अंगणात पुस्तक वाचायला बसलो. शाया आली होती, आणखी चार-पाच जणी होत्या, करकदेच्या, म्हणजे लाल अंबाडीच्या फुलांच्या, सरबताचा हंडा मध्ये. पहिली वीस पानं त्या गप्प होत्या. नंतर ते पान आलं, आमच्याकडे आता शाळेतल्या मुलींनाही येणारं: संध्याकाळ, ओट्यावर म्हातारी, मावळतं ऊन तिच्या डोळ्यांत, आणि ती मोजते, 'माझ्या उजव्या हाताला दाऊद, दाऊदच्या खांद्याला खांदा लावून समील, समीलच्या अंगणात खजुरी तीन...'

"थांब," आत्या म्हणाली. "ऊन कुठे आहे?"

"तिच्या डोळ्यांत," मी म्हणालो.

"संध्याकाळी?"

"संध्याकाळी."

शाया खुदकन हसली. "अरे, संध्याकाळी ओट्यावर ऊन असतं तर आम्ही काय तिथे भेंडी वाळत घालायला बसायचो का? सूर्य घरांच्या पाठीमागे जायचा. ओट्यावर सावली पडली की आम्ही बाहेर यायचो."

"आणि दाऊद उजवीकडे?" आत्या म्हणाली. "दाऊद माझ्या आईच्या उजव्या हाताला?"

तिने परत वाचायला लावलं. मग परत. ती जमिनीवर काठीने रेघ ओढत होती. सगळी घरं होती, एकही सुटलं नव्हतं, पण या टोकाची त्या टोकाला. बायका एकमेकींत वाद घालायला लागल्या की फिकरीने मुद्दाम केलं, स्वतःच्या बापाला उजवीकडे बसवलं. आत्या मात्र बराच वेळ रेघेकडे बघत राहिली. मग काठी टाकली.

"मुद्दाम नाही केलं त्याने," ती म्हणाली. "मेला बोटीत उभा आहे."

आम्हाला कळेना. तिने समजावलं तेव्हा इतकं सोपं निघालं की चीड आली. पुरुषांना गाव आठवतं ते टपालबोटीतून दिसलेलं. दोन वर्षांनी यायचे, संध्याकाळी बोट काठाला लागायची, गावाकडे तोंड करून उभे राहायचे, मावळतं ऊन डोळ्यांत. त्यांचं उजवं ते आमचं डावं. तेच चित्र ते पन्नास वर्षं उराशी धरून बसले, आणि तेच त्यांनी मुनीरला दिलं. मुनीरने ते घेऊन म्हातारीच्या तोंडात घातलं. तोंड बाईचं आणि डोळे बोटीवरच्या पुरुषाचे. चारशे पानांत एकदाही कुणी ओट्यावर बसून नदीकडे बघितलेलं नाही, आणि पुस्तकाचं नाव काय, तर नदीकडे तोंड.

आत्याला राग आला, पण त्याहून जास्त तिला घाई झाली. ती म्हणाली, "मी मेल्यावर हेच उरणार. एवढं नीट करून घे, तौफीक. बाकी त्याला हवं ते लिहू दे."

मी मुनीरला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. मग कळलं की अस्वानच्या सांस्कृतिक सभागृहात त्याच्या पुस्तकावर चर्चा आहे. मी आत्याला घेऊन गेलो. ठेवणीतला काळा झगा घालून ती पहिल्या रांगेत बसली. एक प्राध्यापक तासभर बोलले. आधुनिक अरबी कादंबरीत स्थळ हेच खरं पात्र असतं, ते म्हणाले. गल्ली असो, वाळवंट असो की बेट, माणसं येतात-जातात आणि जागा बोलते. आणि या कादंबरीत बुडालेली जागा स्वतःच निवेदक झाली आहे. टाळ्या पडल्या. हे सगळं मीही बारावीच्या पोरांना शिकवतो, त्यामुळे माझ्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही. प्रश्न विचारा म्हटल्यावर मी उभा राहिलो आणि विचारलं, पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड असलेल्या ओट्यावर, संध्याकाळी ऊन कुठून आलं?

प्राध्यापक हसले. ते ऊन प्रतीकात्मक आहे, म्हणाले.

"सावलीसुद्धा प्रतीकात्मक करता आली असती," मी म्हणालो. कुणीतरी मागून 'बसा' म्हणालं.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही मुनीरला गाठलं. त्याने आत्याचा हात हातात घेतला, कपाळाला लावला. तो वाईट माणूस नाही, हेच तर दुःख आहे. आत्याने त्याला सरळ सांगितलं.

"बाळा, तू माझ्या आईचं घर उलटं केलंयस. शाया उजवीकडे, दाऊद डावीकडे. तिथून पुढे सगळं मी सांगते, लिहून घे."

"आत्या, पुस्तकातलं गाव हे तुमचं कोरनाब नाही," तो मऊ आवाजात म्हणाला. "ते माझ्या मनातलं गाव आहे."

"मग नाव आमच्या गावाचं का दिलंस?"

तो गोंधळला. "आठवणींचं गाव आहे ते."

"कुणाच्या आठवणींचं? तू आठ दिवस माझा चहा प्यायलास. मी पडद्याच्या अलीकडे होते. एकदा उठून आत यायला काय झालं होतं?"

त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करतो, असं तो म्हणाला. सगळ्या चुका लिहून पाठवा, पान नंबर घालून.

आता इथे मी जे केलं ते चांगल्या मनाने केलं, पण चांगल्या मनाने केलेल्या गोष्टींनीच माझ्या आयुष्यात जास्त वाट लावली आहे. चुकांची यादी करायची म्हणजे पुस्तक बारकाईने वाचायला हवं. रोज शाळा सुटली की मी आत्याकडे जायचो आणि वाचायचो, ती थांबवायची, मी पान नंबर लिहायचो. ते मोजण्याचं पान तर शंभरदा वाचलं असेल, कारण ते नीट व्हावं हीच तिची एक मागणी. पुस्तक पुरं नऊ वेळा झालं. सुरुवातीला ती दर ओळीला शिव्या घालायची. पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत शिव्या कमी झाल्या. एकदा तिनेच म्हटलं, "लबाड लिहितो पण गोड. समीलच्या अंगणात खजुरी तीन. माझ्याने कधी असं मोजवलं नव्हतं." खरंच, तिचं मोजणं म्हणजे नुसती नावं, एकापुढे एक, रेशनच्या रांगेसारखी. मुनीरच्या वाक्याला ठेका होता. खोटं जर तालात असलं तर ते खऱ्याच्या आधी पाठ होतं, हे मास्तर असून माझ्या लक्षात यायला नको होतं का?

मी सत्तेचाळीस पानांची यादी पाठवली. दुसरी आवृत्ती वर्षाने आली. मुखपृष्ठ तेच निळं. आत एक अक्षर बदललेलं नव्हतं. फक्त सुरुवातीला एक पान वाढलं होतं: 'कोरनाबच्या ज्या ज्येष्ठ पुरुषांच्या अचूक स्मरणशक्तीमुळे हे गाव पुन्हा उभं राहिलं, त्यांचे आभार.' फिकरीकाकांनी ते पान चौकटीत लावून बैठकीत टांगलं. मुनीरला फोन केला तर तो म्हणाला, प्रकाशकांनी सांगितलं की समीक्षकांनी त्या मोजण्याच्या पानाचंच कौतुक केलंय, त्याला हात लावू नका. वर म्हणाला, तिसऱ्या आवृत्तीत बघू. मी फोन ठेवला आणि वर्गात जाऊन विनाकारण एका मुलाला ओरडलो.

आत्याला मी हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, तू सांग, मी लिहून घेतो, आपलं आपण. ती म्हणाली, आता नको, ईदनंतर बघू, डोकं थकलंय. त्याच महिन्यात गाव हलवल्याच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम झाला आणि शाळेतल्या मुलींनी ते पान सुरात म्हटलं. मुख्याध्यापकांनी मला विचारलं होतं, हे बसवू का? मी हो म्हणालो. वाद घालायचा कंटाळा आला होता. आत्या खुर्चीत बसून ऐकत होती, आणि तिचे ओठ हलत होते. ती आपलं मोजतेय असं मला वाटलं.

मग या वर्षीची ईद. गुडघ्यांमुळे गेली दोन वर्षं ताट मी उचलतो, ती पुढे काठी टेकत चालते. चौदा ताटल्या, वर साखर भुरभुरलेली, पांढऱ्या कापडाने झाकलेल्या. नमाज आटपून आम्ही निघालो. मशिदीजवळ आल्यावर ती फिकरीकाकांच्या दारापाशी थांबली, कापड वर केलं, पहिली ताटली काढली आणि त्यांच्या हातात दिली. फिकरीकाका बघतच राहिले.

"आज गरम?" ते म्हणाले.

"ईद मुबारक," आत्या म्हणाली आणि पुढे निघाली.

मला वाटलं, ऊन फार आहे, गुडघे दुखतायत, जवळचं घर आधी उरकलं. खरं सांगायचं तर मला तेवढंही वाटलं नाही. मला काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. गेल्या ईदला याच दारावरून सरळ पुढे गेलो होतो, तेही आठवलं नाही. नऊ वाचनांनंतर माझ्याही डोक्यात क्रम होता तो पुस्तकातला, आणि त्याप्रमाणे ते बरोबरच होतं.

शाया सकाळपासून ओट्यावर बसलेली होती. केसांना मेंदी, दार सताड उघडं. पन्नास वर्षं तिची ईद या ताटलीने सुरू व्हायची. त्याआधी ती तोंडात खजूरसुद्धा घालत नसे. मी ताट तिच्यासमोर ठेवलं, कापड काढलं. आत्याने ताटली उचलून पुढे केली. शायाने घेतली नाही. ती ताटाकडे बघत होती.

"तेरा आहेत," ती म्हणाली.

"तेरा कशा असतील?" आत्या म्हणाली. "सकाळी चौदा भरल्या."

"ही धरून तेरा. पहिली कुणाला दिलीस?"

"कुणाला म्हणजे? उजव्या हाताला." आणि आत्याने म्हणायला सुरुवात केली, अगदी सहज, ठेक्यात, "उजव्या हाताला दाऊद, दाऊदच्या खांद्याला खांदा..."

तिथे ती थांबली. मला वाटलं आता हसेल, कपाळावर हात मारेल. तिने तसं काही केलं नाही. शायाने उठून ताटली काढून घेतली, तिला ओट्यावर बसवलं.

"इकडे बघ," शाया म्हणाली. "तू तुझ्या आईच्या ओट्यावर बसलीयस. समोर नदी. उजव्या हाताला कोण? मी आहे. मी हाक मारते ती तुला कुठल्या कानाने ऐकू येते?"

आत्याने उजवा हात उचलला, मग डावा. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि आळीपाळीने बघत राहिली. समोर नदी नव्हती, ऊस होता, आणि उसाच्या पलीकडे साखर कारखान्याचा धूर. शाया तिच्या कानाशी सारखी तेच सांगत होती: मी, मी, तुझ्या उजवीकडे मी. आत्या मान हलवत होती, पण तिला ते पटत नव्हतं हे दिसत होतं. शेवटी तिने शायाकडून तोंड फिरवून माझ्याकडे पाहिलं.

"तौफीक," ती म्हणाली, "पुस्तकात काय लिहिलंय?"

एवढ्या दोन वर्षांत मुनीरचा, प्राध्यापकांचा, फिकरीकाकांचा मला जेवढा राग आला नसेल तेवढा त्या क्षणी माझा मला आला. नऊ वेळा. मीच बसून, शब्द न् शब्द, माझ्या आवाजात.

"शाया लिहिलंय, आत्या," मी म्हणालो. "उजव्या हाताला शाया."

शायाने माझ्याकडे पाहिलं. त्या अंगणातल्या वाचनाला ती पहिल्या दिवसापासून हजर होती. तिने ताटलीत बोट घालून शेवया चाखल्या, गार झाल्या होत्या तरी, आणि आत्याच्या पाठीवर हात ठेवला.

आत्याचा चेहरा सैल झाला. "पुस्तकात आहे ना," ती म्हणाली, "मग असेल बरोबर."